मोकळा वाफा

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो खुरपं घासण्याच्या आवाजानं. कोंबडं त्याआधी आरवून गेलेलं असायचं, वारा आमच्या अंगाचा असला तर भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगाही ऐकू यायचा, पण मला जाग यायची ती हौसाआत्या मोरीजवळच्या दगडाशी बसली की. आधी दगडावर ओंजळभर पाणी, मग खर्र, खर्र, मध्येच थांबून अंगठ्यानं धार बघणं, आणि पुन्हा खर्र. आई चुलीपुढून ओरडायची, ‘आक्का, दगुड संपंल एक दिवस.’ आत्या म्हणायची, ‘संपू दे की, मी काय त्याला माहेरास्नं आनलाय?’ आणि मग तिलाच आठवायचं की हे घर म्हणजेच तिचं माहेर, आणि दोघी हसायच्या. आता माझ्या घरात तसला दगड नाही, खुरपंही नाही. तरी पहाटे अर्धवट झोपेत तो आवाज कधीतरी कानाशी येतो आणि मग पुन्हा डोळा लागत नाही. आठवणींचं इतकं सगळं लिहून झालं तरी हे प्रकरण मी मागं मागं ढकलत आले, ते त्या आवाजामुळे.

हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणायचं, मीही तात्याच म्हणायचे. लग्न होऊन ती भिगवणच्या पलीकडे नांदायला गेली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि एक दिवस एक बोचकं आणि एक खुरपं घेऊन ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. हे मी ऐकलेलं, माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. बोचक्यात काय होतं ते कुणाला आठवत नव्हतं. खुरपं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी कुणी उठायच्या आत तिनं दारासमोरचे मेथीचे दोन वाफे खुरपून काढले होते. तिला कुणी काही बोललं नव्हतं. तात्या तर तिच्या शब्दाबाहेर नसत. पण भावाच्या घरी ऐतं खाते असं आपल्याला कुणी म्हणू नये, याचा तिनं जो धाक घेतला तो घेतलाच. ताप असो, पाय सुजलेला असो, बाई सकाळी रानात आणि संध्याकाळी ओटी भरून घरात.

ओटीत भाजी असायची. वाफ्यात आपोआप उगवलेली खायची भाजी खुरपणाऱ्या बाईनं ओटीत घालून न्यावी, असा आमच्याकडचा रिवाज आहे. मालक त्याला कधी नको म्हणत नाही. आत्या खुरपायची घरच्याच रानात, तरी ओटी भरून आणल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तांदुळजा असला तर लसूण-मिरचीवर परतायचा, घोळ असली तर हरभऱ्याच्या डाळीत शिजवायची, पाथरीची कोवळी पानं तशीच मीठ लावून भाकरीबरोबर. थंडीच्या दिवसांत हुलग्याचं माडगं. बाजरीची भाकरी थापण्याचा आवाज, तिच्या बांगड्यांचा आवाज, आणि परातीत पीठ कमी होत जाईल तसा बदलत जाणारा तो धप्प धप्प. वांगी, मिरच्या आम्ही बाजारासाठी पिकवायचो, आणि घरात खायचो ते न पेरलेलं. गंमत म्हणजे तेव्हा मला त्याची लाज वाटायची. बारामतीच्या मैत्रिणीच्या डब्यात बटाट्याची भाजी असायची आणि माझ्या डब्यात घोळ.

आजोबांच्या वेळेपर्यंत आमची मेंढरं होती. कॅनॉलचं पाणी फिरलं तसा आजोबांनी कळप मोडला आणि आम्ही माळव्यातले, भाजीपाला पिकवणारे झालो. पण आत्याचं सगळं लहानपण मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळं जमिनीवर उगवलेली एकही गोष्ट तिला अनोळखी नव्हती. हे मेंढरू खातं, हे खात नाही, हे खाल्लं तर पोट फुगतं, हे ओल असली तरच येतं. तिची सगळी वनस्पतींची विद्या मेंढराच्या तोंडातून आलेली होती.

मी बारामतीला शेतकीची पदविका करत होते. आमच्या सगळ्या भावकीत शिकायला घराबाहेर पडलेली पहिली मुलगी. घरात सगळे ‘न्हाय’ म्हणायचे, मी बारामतीला जाऊन ‘नाही’ म्हणायला शिकले होते आणि घरी आले तरी ते सोडत नव्हते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक छोटा प्रयोग करायचा होता. आम्हाला तणांचं शिकवणारे सर म्हणाले, तुमच्या रानातच कर. भाजीपाल्यात सेंद्रिय आच्छादन घालून तण किती कमी होतं ते बघ. मी रस्त्याकडेच्या वांग्यात चार वाफे आखले. एकात उसाचं पाचट, एकात कारखान्यावरून आणलेला उसाचा भुसा, एकात गव्हाचं काड. चौथा मोकळा. त्यात काही पसरायचं नाही आणि त्यातलं गवत उपटायचंही नाही, कारण तिथं तण किती माजतं ते कळल्याशिवाय बाकीच्या तिघांनी किती रोखलं हे कळणार कसं? सगळ्यांना मी सांगत सुटले होते की हे मी आत्यासाठी करतेय, तिची कंबर सरळ व्हावी म्हणून. ते खोटं नव्हतं. तिची कंबर इतकी वाकली होती की उभं राहून बोलतानाही ती जमिनीवर काहीतरी शोधतेय असं वाटायचं. पण अगदी खरं सांगायचं तर मला चांगले गुण हवे होते, आणि कंबरेची गोष्ट त्यात बरी शोभत होती.

पाचट त्या काळी सगळे पेटवूनच द्यायचे. मी ते कोयत्यानं तुकडे करून वांग्याच्या बुडाशी पसरायला लागले तेव्हा आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. ‘आगं, पाचाट पेटवायचं आसतं. पांघराय घालतीस व्हय त्याचं वांग्याला?’ पण दुसऱ्या दिवशी तीच येऊन बसली आणि माझ्यापेक्षा नीट पसरायला लागली. गव्हाच्या काडात चुकार दाणे राहिले होते, ते आठवड्यात उगवून आले. ‘तन माराय निगालीस आन् गहू पेरलास की गं,’ म्हणून ती पदर तोंडाला लावून हसली, संध्याकाळी तात्यांना सांगून पुन्हा हसली. एकदा मात्र पाचटाखाली हात घालून ती बराच वेळ तशीच बसली. वर ऊन तापलेलं होतं. म्हणाली, ‘गार हाय गं. मेंढरं बसवून उठवली की रान आसंच लागायचं हाताला.’ मी वहीत लिहिलं: पाचटाखाली ओलावा चांगला.

दर आठवड्याला तारेची एक चौकट वाफ्यात टाकून तिच्या आत उगवलेलं तण मी मोजायचे. आत्या शेजारी बसून नावं सांगायची. हा केना, हा लव्हाळा, ही हरळी, ही घोळ, ‘हिला न्हाय नाव, हिला आमी नुसतं नकटी म्हनायचो.’ मी एकेकाला बोट लावून मोजायला लागले की विचारायची, ‘मोजून काय करतीस, पावनी हायती व्हय ती?’ माझ्या वहीतली लॅटिन नावं मी पुस्तकातून उतरवली, पण कुठलं नाव कुठल्या रोपाचं ते तिच्याशिवाय मला कधी जुळवता आलं नसतं. अहवालात तिचा उल्लेख नाही. तेव्हा ते सुचलंच नाही.

तीन वाफ्यांतलं तण बसलं. लव्हाळा मधूनच सुईसारखा वर यायचा तेवढाच. आणि मोकळ्या वाफ्यात, सगळी ओल आणि सगळं ऊन फुकट मिळाल्यासारखं, गवत असं माजलं की वांग्याची झाडं दिसेनाशी झाली. माझ्या दृष्टीनं प्रयोग उत्तम चालला होता. आत्याला मात्र तो वाफा बघवेना. तो होता नेमका रस्त्याच्या अंगाला. इंदापूरच्या बाजाराला जाणारा प्रत्येक माणूस बघून जायचा. कुणी सायकलवरून ओरडायचा, ‘काय हौसाबाई, हात गळालं का?’ शेजारच्या रानातला म्हातारा तर बांधावर येऊन म्हणाला, ‘तात्याच्या घरात बाईमानूस हाय का न्हाय?’ तो चेष्टेनं म्हणाला असेल. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

‘सुमे, रस्त्याच्या अंगाची एवढी कड तरी काडू का?’ दोन दिवसांनी तिनं विचारलं.

‘अजिबात नाही. हात लावायचा नाही त्याला.’

‘बी पडंल गं त्याचं. मग निस्तरत न्हाय कुनाच्यानं.’

‘पडू दे. तो वाफा तसाच पाहिजे आहे.’

‘माज्या डोळ्याम्होरं?’

मी वहीत डोकं घालून बसले. ती खुरपं मांडीवर घेऊन बांधावर बसून राहिली. आज लिहिताना कळतं, तीन वाफ्यांत तिच्यासाठी काम उरलं नव्हतं आणि चौथ्यात मी तिला हात लावू देत नव्हते. आल्या दिवसापासून ज्या कामावर तिनं या घरातली आपली भाकरी तोलली होती तेच मी काढून घेतलं होतं. आणि वर तिच्या भल्यासाठी केलं म्हणून मिरवत होते.

मग सरांचा निरोप आला, गुरुवारी प्रयोग बघायला येतो, बरोबर पुण्याच्या एक मॅडम आहेत. या मॅडमना बारामतीच्या प्रयोगक्षेत्रावर हाताखाली एक मुलगी हवी होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना एकदाच लांबून पाहिलं होतं, कडक इस्त्रीची साडी, पायात बूट, खांद्याला पिशवी, आणि पुरुष अधिकारी त्यांच्यामागून चालत होते. बाई असूनही असं होता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी घरी सांगितलं, मोठी माणसं रान बघायला येणार आहेत. आईनं दूध राखून ठेवलं. गुरुवारी सकाळी खुरपं घासल्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच आधी आला. मी तो ऐकला. रोजचाच म्हणून कूस बदलून झोपले.

उठून आवरून मी पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले आणि त्यांच्याबरोबरच रानात आले, त्यामुळं मी पाहिलं ते त्यांच्यासोबतच. मोकळा वाफा आरशासारखा स्वच्छ होता. गवताची काडी नाही. माती हातानं चाळावी तशी भुसभुशीत, प्रत्येक वांग्याला भर लावलेली, उपटलेल्या तणाचा ढीग बांधावर रचलेला आणि त्यातला तांदुळजा निवडून वेगळा ठेवलेला. रस्त्याची कडसुद्धा तिनं झाडल्यासारखी काढली होती. पाहुणे यायचे म्हणून कुणी अंगण सारवतं ना, तसं.

मॅडम सरळ तिथंच गेल्या. ‘हा सगळ्यांत सुंदर आहे. यात काय वापरलंय?’

सरांनी माझी वही उघडली, वाफ्याकडे पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं. ‘हा मोकळा ना गं? कुणी काढलं तण?’

आत्या तेवढ्यात बांधावरून चहाची किटली घेऊन येत होती. लुगडं खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेले, दात मिश्रीनं काळे, आणि चेहरा हसरा. शाबासकीची वाट बघत असलेला चेहरा होता तो. मी मॅडमच्या बुटांकडे पाहिलं.

‘आमच्याकडे एक बाई असतात कामाला,’ मी म्हणाले. ‘त्यांना समजलं नाही.’

जन्मात मी तिला अहोजाहो केलं नव्हतं. ते पहिल्यांदा केलं.

आत्या जागच्या जागी थांबली. ऐकलं होतं तिनं. मॅडम चांगल्या होत्या, रागावून नाही, समजावून म्हणाल्या, ‘बाई, तुम्हाला हिनं सांगितलं नव्हतं का, याला हात लावायचा नाही म्हणून?’ मला वाटलं, आता ती म्हणेल, मी हिची आत्या, हिला मी न्हाऊ घातलंय. आत्यानं किटली खाली ठेवली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ‘सांगितलं व्हतं बाईसाहेब. मी हितं कामाला आसती. चुकलं माजं, मला अडान्याला काय कळतंय.’ मग तिनं कप पुसून चहा ओतला. सरांना दिला, मॅडमना दिला, आणि मला दिला. मला देताना दोन्ही हातांनी दिला, परक्याला देतात तसा.

सर हसले. ‘अगं, काही बिघडलेलं नाही. प्रयोगात एक वाफा खुरपणीचा ठेवायचाच असतो. तू तो ठेवलाच नव्हतास. हा आता खुरपणीचा धर आणि पलीकडे नवा मोकळा सोड. या बाईंनी तुझी चूक दुरुस्त केली म्हण.’ दोन मिनिटांत सगळं मिटलं. मॅडमनी मला पत्ता लिहून दिला आणि परीक्षा झाली की भेटायला सांगितलं. मला हवं ते सगळं मिळालं, आणि ते खरं बोलूनही मिळालंच असतं.

त्या संध्याकाळी घरात तांदुळज्याची भाजी होती. आत्यानं रोजच्यासारखं मला वाढलं. मी ठरवलं, जेवण झालं की बोलू. मग ठरवलं, उद्या रानात बोलू. दुसऱ्या दिवशी पहाटे दगडावर आवाज आला नाही. उठून पाहिलं तर खुरपं वळचणीला खोचलेलं होतं आणि आत्या चुलीपुढं बसली होती. ‘रानात नाही जायचं?’ मी विचारलं. ‘पाचटानं भागतंय की आता,’ ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. असता तर मला पाय धरता आले असते.

आठवड्याभरात ते खुरपं वळचणीतून निघालं, पण आमच्या रानासाठी नाही. ती खुरपणीच्या टोळीबरोबर लोकांच्या रानात जायला लागली. तात्या चिडले. ‘आक्का, लोकं काय म्हनतील? भावाच्या घरी काय कमी पडलं तुला?’ ती एवढंच म्हणाली, ‘हात गप बसत न्हाईत रं माजं.’ आई म्हणाली, म्हातारपणी डोकं फिरलंय. मी सगळं ऐकत होते आणि मला एकटीला माहीत होतं. तिनं ते कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. ती एकदा जरी चारचौघांत बोलली असती तर माझी लाज जाऊन मी मोकळी झाले असते. तिनं मला झाकून घेतलं, आणि त्या पांघरुणाखाली मी जन्मभर अवघडून राहिले.

पुढं मी बारामतीला मॅडमच्या हाताखाली लागले. गावोगाव जाऊन पाचट जाळू नका, आच्छादन करा असं सांगण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि मला लोक पाचटवाल्या मॅडम म्हणायला लागले. आता तर प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर आलाय, भिगवणपासून इंदापूरपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगाला रानं चकाकताना दिसतात, आणि खुरपणीच्या टोळ्या शोधूनही मिळत नाहीत. माझ्या भाषणात मी बायकांच्या कंबरेची गोष्ट नेहमी सांगायचे. लोकांना ती आवडायची. खाली बसलेल्या बायकांत एखादी वाकलेली म्हातारी दिसली की मी नजर दुसरीकडे वळवायचे.

आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिला इंदापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी बारामतीहून एसटीनं पोचले तेव्हा दुपार होती. तात्या डबा आणायला घरी गेलेले, ती एकटीच होती. ताप मेंदूत चढला होता म्हणे. मला तिनं ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मधूनच मेंढरांना घालावी तशी हाळी घालायची. तिची बोटं मात्र थांबत नव्हती. चादरीवर धुऊन धुऊन आलेले सुताचे गोळे ती एकेक करून चिमटीत धरून उपटत होती, आणि उपटलेला प्रत्येक गोळा ओटीत ठेवत होती.

नर्स कागद घेऊन आली. माझ्या साडीकडे, खांद्याच्या पिशवीकडे पाहून तिनं विचारलं, ‘पेशंट तुमच्या कोण लागतात?’

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली. डोळे चादरीवरच होते. ‘यांच्या हितं कामाला आसती मी,’ ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा मारायचा असता तर त्यासाठी तिच्याकडे इतकी वर्षं होती.

‘आत्या आहे,’ मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. ‘माझी सख्खी आत्या आहे ती. लिहा तसं.’ नर्सनं लिहिलं आणि ती गेली. मी खाटेच्या कडेला बसले, आत्याची ती माती मुरलेली बोटं माझ्या दोन्ही हातांत धरली आणि इतकी वर्षं राहून गेलेलं एकदाचं बोलले. ‘आत्या, मी सुमी. तू माजी आत्या हाईस. तू कामाची बाई न्हाईस. ऐकतीस का गं?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. हळूच आपले हात माझ्या हातांतून सोडवून घेतले आणि डोक्यावरून घसरलेला पदर पुढं ओढला.

‘बरं, बाईसाहेब,’ ती म्हणाली, आणि पुन्हा चादर खुरपायला लागली.